पुनवेला ठेवलेली सभा

आमच्या प्रकल्प अहवालात शेवटी एक रकाना असतो : ‘संशोधनाचा समाजावरील प्रभाव’. मॅडम तो नेहमी माझ्याकडे सरकवतात, कारण तिथे आकडे लागत नाहीत, मराठी लागतं. पूर्वी दोन गोड वाक्यांवर भागायचं. आता भागत नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये वैज्ञानिकांच्या सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्षाला निदान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, असं त्यात आहे. ब्रिटनमध्ये तर विद्यापीठांच्या मूल्यमापनात या प्रभावाला 2014 साली 20 टक्के वजन होतं, 2021 ला ते 25 झालं. त्यात आमचा विषय ठाणे खाडी. तिच्यातलं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्येच रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. फ्लेमिंगोंचं कौतुक झालं की कुणीतरी विचारतंच, आणि कोळ्यांचं काय?

म्हणून ठाण्यातल्या एका कोळीवाड्यात सभा ठेवली. खाडीच्या गाळात आणि माशांत शिसं, कॅडमियम किती सापडलं, हे सोप्या भाषेत सांगायचं. गुळगुळीत कागदावर दोनशे पुस्तिका छापल्या, प्रोजेक्टर नेला, समाजमंदिर मिळवलं. रविवार, सकाळी अकरा. रविवारी सगळे घरी असतात ना.

साडेअकरापर्यंत सहा माणसं. त्यातली तिघं आमचीच, एक समाजमंदिराची किल्ली सांभाळणारे काका.

ओटीवर कोलंबी सोलत बसलेल्या एका मावशींना विचारलं, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, “आज पुनव हाय. पाण्याला ओढ हाय. घरात कोन बसंल?”

डोलजाळं, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालतं. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाणाचं पाणी जोरात येतं-जातं, तेच कमाईचे दिवस. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी मंद, जाळी दुरुस्तीला घरी. हे मला वाचून माहीत होतं. आमच्या नमुने घेण्याच्या वेळापत्रकात तर भरती-ओहोटीच्या मिनिटांपर्यंत नोंदी आहेत. गाळ उकरायला जाताना आम्ही ओहोटी बघायचो, माणसांना बोलवताना फक्त लाल रंगातला रविवार बघितला. प्रयोगशाळेत कालनिर्णय टांगलेलं आहे. पौर्णिमा त्याच चौकोनात छापलेली होती.

प्रोजेक्टर बंद करून मी मावशींच्या ओटीवर जाऊन बसले. त्यांनी हात पुसले आणि पुस्तिका चाळली. एका फोटोवर बोट ठेवलं. खाली आम्ही ‘बोलिओफ्थाल्मस’ छापलं होतं.

“ही निवटी ना?”

“हो.”

“मग निवटी लिवायला काय झालं?”

पुढचं पान. तिथे आमचा अभिमानाचा तक्ता : ‘माशांमधील धातूंचे सरासरी प्रमाण’. मावशींना अक्षरं लावत वाचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “निवटी बिळात र्‍हाते. जलमभर चिखलात. बोय पान्यात फिरते, आज इथं, उद्या वाशीच्या पुलाखाली. दोघींचा एकच आकडा कसा काढला तुमी?”

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. नमुने वेगवेगळे तपासले होते, आकडे वेगवेगळे होते. पुस्तिका ‘सोपी’ करायच्या नादात मी त्यांची सरासरी मारली होती. सोपं म्हणजे कमी, असं मी कुठे शिकले कोण जाणे.

पण त्यांचा खरा प्रश्न नंतर आला. “हे पेपरात देनार?” देणारच होतो, प्रसिद्धीपत्रक तयार होतं, माझ्या योजनेतला तो तिसरा टप्पा होता. मावशी शांतपणे म्हणाल्या, “खाडीच्या मासल्यात विष, असं एकदा छापून आलं की आमची पाटी दुपारपर्यंत तशीच. गिर्‍हाईक इचारत नाय, कंची मासली, कुठली मासली. आनि विष काय आमी टाकलं?” ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, शहराचे नाले, हे सगळं आमच्या प्रस्तावनेत होतं. प्रसिद्धीपत्रकात मात्र फक्त मासे होते.

प्रसिद्धीपत्रक थांबवलं. योजना उलटी केली : आधी कोळीवाडा, मग पालिका आणि प्रदूषणवाले, पेपर सगळ्यांत शेवटी. मॅडमना हे लगेच पटलं नाही. अहवालाची मुदत जवळ होती आणि ‘उपस्थितांची संख्या : 6’ असं लिहायचं कसं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी सहाच लिहिलं. खरं तर दोन.

पुढची बैठक अष्टमीला ठेवली, मंगळवारी दुपारी, मावशींच्याच ओटीवर. बाया जाळी घेऊनच आल्या, हात चालू ठेवून बोलत राहिल्या. पाटीत कुठली मासळी किती येते, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी कोणी जाळं टाकत नाही, हे दोन तासांत कळलं. तीन वर्षांत आम्ही हे कुणाला विचारलं नव्हतं. आमची नमुन्याची एक जागा नेमकी त्या नाल्याच्या तोंडाशी निघाली.

उरलेल्या पुस्तिका कपाटात आहेत. मावशींनी एक ठेवून घेतली होती, पण सुकी मासळी बांधायलाही हा कागद कामाचा नाही म्हणाल्या, नुसता घसरतो.

नवा तक्ता परवा झाला. निवटी वेगळी, बोय वेगळी, ती नाल्याची जागा वेगळी. निवटीचा आकडा बराच वर आलाय. मावशींच्या पाटीत निवटी असते. येत्या अष्टमीला तो आकडा घेऊन जायचंय.