दीडशे सेकंदांसाठी केलेली तयारी

फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबॉट स्पर्धेतला सामना अडीच मिनिटांचा, म्हणजे दीडशे सेकंदांचा असतो. साधारण आठ फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर छापील मॅट, मॅटवर लेगोची मॉडेल्स, आणि त्यांच्यावर रोबॉटने करायची ठरलेली कामं, म्हणजे मिशन. रोबॉट एकदा सोडला की प्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तेवढंच करतो, रिमोट नसतो. तो जिथून सुटतो त्या घरच्या भागाबाहेर असताना त्याला हात लावून थांबवलं, तर रेफरी सहा लाल चकत्यांपैकी एक उचलतो. सहा किंवा पाच उरल्या तर ५० गुण, चार उरल्या तर ३५, मग २५, १५, १०, आणि एकही नसेल तर शून्य. म्हणजे पहिला हात फुकट आहे. तो कुठे वापरायचा हे आधीच ठरवून ठेवलेला संघ घाबरून चुकीच्या जागी हात घालत नाही.

संघांसोबत हंगाम पार पाडताना माझं एक मत पक्कं झालंय: या स्पर्धेत ‘एकदा जमलं’ याला किंमत नाही. एकेक मिशन दहापैकी नऊ वेळा जमत असेल तर मुलं खूश असतात. पण अशी सहा मिशन एकापाठोपाठ लावली की सहाही जमण्याची शक्यता ५३ टक्क्यांवर येते. म्हणून नवं मिशन हाती घेण्याआधी जुनं ओळीने दहा वेळा चालवायचं, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते तक्त्यात लिहायचं. नुसतं ‘चुकलं’ नाही. डावीकडे किती सेंटीमीटर, रोबॉटचा हात वर अडकला की खाली, असं. असा तक्ता हाताशी असला की दोष कुठे शोधायचा ते कळतं.

बहुतेक वेळा दोष दिशेत असतो. रोबॉट सुटताना एक अंश वाकडा असला तर मीटरभर अंतरावर तो पावणेदोन सेंटीमीटर बाजूला जातो, आणि तेवढ्यात मॉडेलची दांडी हुकते. अंतराचं गणित त्यामानाने सोपं. स्पाइक प्राइम या लेगोच्या रोबॉट-संचातल्या ५६ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ १७.६ सेंटीमीटर, म्हणून ८० सेंटीमीटरसाठी सुमारे १६३६ अंश फिरवायचे. हे गणित बरोबर असूनही रोबॉट चुकतो तेव्हा मुलं आकडे बदलत बसतात. आकडा बदलण्याआधी चाक घसरतंय का ते बघावं. एकदम शंभर टक्के वेगाने सुरुवात केली की टायर घसरतो, आणि मोटर मोजते ते फिरणं, पुढे गेलेलं अंतर नव्हे. वेग हळूहळू वाढवत नेला आणि शेवटी हळूहळू कमी केला तर हा त्रास जवळजवळ संपतो. शिवाय शंभर टक्क्यांवर मोटरकडे राखीव ताकद उरत नाही. बॅटरी उतरली की तोच प्रोग्रॅम वेगळा वागतो. मी ७० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

जायरोवर, म्हणजे रोबॉट किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरवर, विश्वास ठेवावा, पण तपासून. तो असतो हबमध्ये, म्हणजे रोबॉटचा मेंदू असलेल्या डब्यात. हब सपाट पृष्ठभागावर स्थिर असतानाच कोन शून्य करायचा. हातात धरून केला तर तो भरकटतो. दुसरं, हब भिंतीला टेकवून ठेवायचा, हाताने दहा पूर्ण फेऱ्या फिरवायचा आणि पुन्हा त्याच भिंतीला टेकवून आकडा वाचायचा. प्रत्येक फेरीमागे काही अंशांची तफावत निघू शकते आणि ती हबगणिक वेगळी असते. राखीव हब लावला की वळणं बिघडतात ती त्यामुळेच. तिसरं, कोन १८० ओलांडला की आकडा उण्यात जातो. ‘कोन १९० होईपर्यंत वळ’ असं लिहिलेला रोबॉट गोल गोल फिरत राहतो. यात बिघाड कसलाच नसतो, पण टेबलाशी उभी मुलं रडकुंडीला येतात.

दिशा सुधारायचा सगळ्यात स्वस्त उपाय टेबलाच्या भिंतीत आहे. रोबॉटची मागची बाजू सपाट ठेवायची, मंद वेगाने भिंतीवर दाबायची आणि मग कोन पुन्हा शून्य करायचा. हे दाबणं मात्र वेळेवर मोजायचं, पाऊण-एक सेकंद. अंशांवर मोजलं तर भिंत आड आल्यामुळे अंश पूर्ण होत नाहीत, प्रोग्रॅम तिथेच वाट बघत थांबतो आणि उरलेली मिशन जातात. मॅटवरच्या रेषेचा आधार घ्यायचा असेल तर रंग-सेन्सर मॅटपासून ८ ते १६ मिलिमीटर उंचीवर, बाजूने आडोसा करून बसवावा. काळ्या-पांढऱ्याचे आकडे स्पर्धेच्या टेबलावर पुन्हा घ्यावेत, कारण तिथला उजेड आपल्या खोलीतला नसतो.

अटॅचमेंटच्या, म्हणजे मिशननुसार रोबॉटवर बदलून लावायच्या भागांच्या, बाबतीत माझा आग्रह एकच: पिना नकोत. वरून ठेवलं की आपल्या वजनाने बसेल आणि गिअर आपोआप जुळेल, अशी रचना करावी. पिन काढायला-लावायला जाणारे दहा सेकंद चार वेळा गेले की एक अख्खं मिशन गेलं. ताकद हवी तिथे १२ दात्यांच्या गिअरवरून ३६ दात्यांचा गिअर फिरवला की वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळपास तिप्पट. गिअरमध्ये थोडी ढिलाई असतेच. हात खाली नेऊन लगेच वर आणला तर सुरुवातीचे काही अंश वाया जातात. म्हणून मोजणीच्या जागेवर दर वेळी एकाच बाजूने यायचं.

आता या स्पर्धेच्या आकर्षणाबद्दल. फर्स्ट ही संस्था डीन केमेन यांनी १९८९ मध्ये सुरू केली. तिची पहिली मोठ्या रोबॉटांची स्पर्धा १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांत झाली. लेगोबरोबरची लीग त्या दशकाच्या शेवटी आली आणि आज शंभराहून अधिक देशांत खेळली जाते. रोबॉटचं आकर्षण मुलांना असतंच, पण ती टिकून राहतात ती गुणदानामुळे, असं मला वाटतं. रोबॉट गेम, रोबॉट डिझाइन, नवोपक्रम प्रकल्प आणि मूल्यं (संघ एकमेकांशी कसा वागतो ते) या चारही भागांना सारखंच वजन आहे. टेबलावर पहिला आलेला संघ एकंदर विजेता ठरेलच असं नाही. दहा जणांच्या संघात प्रोग्रॅम लिहिणारे दोघं-तिघं असतात. उरलेल्यांपैकी कुणाला तज्ज्ञांना गाठून प्रश्न विचारायला आवडतं, कुणाला चित्रं काढायला, कुणाला नोंदी ठेवायला. त्यांचं काम इथे शोभेचं नसतं, त्यावर गुण असतात.

याच लोकप्रियतेची एक बाजू मात्र मला खुपते. हंगामाची मॉडेल्स जगभर सारखीच असल्यामुळे काही आठवड्यांत तयार उत्तरांचे व्हिडिओ सगळीकडे दिसू लागतात, आणि हौशी पालक रात्री बसून ते रोबॉट जोडतात. जजेसना हे पाच मिनिटांत कळतं. ‘इथे ३६ दात्यांचा गिअर का?’ एवढाच प्रश्न पुरतो. ज्याने जोडला तो मुलगा लगेच सांगतो की २० दात्यांचा लावला होता, दांडी अर्ध्यावर थांबली, म्हणून बदलला. ज्याने जोडला नाही तो पालकांकडे बघतो, आणि पालक खोलीबाहेर असतात. म्हणून फसलेली अटॅचमेंट मोडून टाकू नये. फोटो, मोजमापं आणि फसण्याचं कारण यांसह ती वहीत ठेवावी. सुधारणा कशी होत गेली यालाही तपासणीत गुण आहेत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी हबचं फर्मवेअर (त्याचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करू नये, अ‍ॅपने कितीही विचारलं तरी. प्रोग्रॅम हबमध्येच साठवून क्रमाने लावावेत आणि ब्लूटूथ बंद ठेवावं. टायर ओल्या फडक्याने पुसावेत, मागच्या गोळीच्या चाकातली धूळ काढावी. सरावाच्या फेरीत गुणांपेक्षा टेबल बघावं: मॅट कुठल्या भिंतीला टेकलीय, कुठे फुगा आलाय, मॉडेल घट्ट बसलंय का. गुणांच्या तीन फेऱ्यांपैकी सर्वोत्तम तेवढी धरतात. पहिल्या फेरीत भरवशाची मिशन तेवढीच चालवून आकडा खिशात टाकावा. दहापैकी सहा वेळाच जमणारं ते अवघड मिशन तिसऱ्या फेरीसाठी ठेवावं, तेव्हा फसलं तरी काही जात नाही.