छपराच्या गाड्यांची वाट: स्कॉट्सब्लफ ते इंडिपेन्डन्स रॉक

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही डेन्व्हरहून मोटारीने नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, स्कॉट्सब्लफ येथे पोहोचलो. तिथून पुढच्या चार दिवसांत ऑरेगन ट्रेलचा जो तुकडा पाहिला, त्याची ही नोंद त्याच वाटेने जाणाऱ्यांसाठी करीत आहे. मिसूरीतील इंडिपेन्डन्सपासून ऑरेगनपर्यंतची ही वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची. १८४० च्या दशकापासून १८६९ मध्ये रेल्वे होईपर्यंत तिच्यावरून, आणि तिला फुटणाऱ्या कॅलिफोर्निया व युटाच्या फाट्यांवरून, लाखो माणसे पश्चिमेला गेली. आमच्याबरोबर साताऱ्याहून आलेली माझी आई होती, आणि तिचे बालपण बैलगाडी असलेल्या घरात गेले असल्याचा उपयोग पुढे फार झाला.

सुरुवात स्कॉट्स ब्लफ राष्ट्रीय स्मारकापासून करावी. तिथे मिचेल खिंडीच्या तोंडाशी या प्रवाशांच्या कापडी छपराच्या बैलगाड्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. साटी जेमतेम दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, खाली स्प्रिंग नाही. माणशी सुमारे ९० किलो पीठ आणि ७० किलो खारवलेले डुकराचे मांस, शिवाय कॉफी, साखर, मीठ, अवजारे आणि अंथरुणे भरली की बसायला जागा उरतच नसे. त्यामुळे बायका, मुले, दिवस गेलेल्या स्त्रियासुद्धा बैलांच्या शेजारून दिवसाला पंचवीसेक किलोमीटर चालत, आणि असे चार ते सहा महिने चाले. माळावर लाकूड नाही, म्हणून चूल गव्यांच्या वाळक्या शेणावर पेटे. ते गोळा करण्याचे काम बायका-मुलांचे. स्मारकाच्या माहिती केंद्रापासून खिंडीत जाणारी पायवाट जुन्या वाटेलगतच आहे. मोटार ठेवून ती अवश्य चालावी.

शहरालगत, रेल्वेमार्गाजवळ रिबेका विंटर्स यांची कबर आहे. ऑगस्ट १८५२ मध्ये त्या कॉलऱ्याने वारल्या. सोबतच्यांनी खूण म्हणून लोखंडाची एक कमान जमिनीत रोवली. छिन्नीने कोरलेले नाव आणि ५० हे वय तिच्यावर आजही वाचता येते. आई वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर चाकाची धाव." धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवलेली लोखंडी पट्टी. कोरड्या हवेत लाकूड आकसले की ती सैल होते, म्हणून त्या वाटेवरची माणसेही रात्री चाके नदीत भिजत ठेवत, जशी आईच्या गावी उन्हाळ्यात ओढ्यात ठेवत. त्या लोखंडाला हात लावताना मला जे वाटले, ते कोणत्याही संग्रहालयात वाटले नव्हते.

या वाटेवर हल्ल्यांपेक्षा कॉलऱ्याने कितीतरी अधिक माणसे नेली. सकाळी धडधाकट असलेले माणूस रात्र पाहत नसे. जनावरांनी उकरू नये म्हणून अनेकांना भर वाटेतच पुरून वरून गाड्या नेल्या जात, त्यामुळे रिबेका यांच्यासारखी ओळखता येणारी कबर विरळाच. हाच आजार १८४९ मध्ये या माळांवरच्या मूळ रहिवासी शायेन लोकांच्या वस्त्यांतही शिरला, आणि त्यांच्या मुलखातले गवत व गवे या गाड्यांमुळे आटत गेले. ही बाजू लक्षात ठेवल्याशिवाय ही वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायोमिंगमध्ये फोर्ट लॅरमी या जुन्या लष्करी ठाण्याला अर्धा दिवस पुरतो. मात्र पुढच्या गर्न्झी गावी घाई करू नका. तिथे चाकांनी वालुकाश्मात काही ठिकाणी पाच फूट खोल चर पाडले आहेत. चरात उतरून उभे राहिले की खडक माझ्या खांद्याला लागत होता. दुपारी उजेड डोक्यावर असतो आणि खोली कळत नाही. सकाळी आठच्या सुमारास जावे. जवळच्या रजिस्टर क्लिफ या कड्यावर प्रवाशांनी कोरलेली नावे आहेत, पण त्यांत अलीकडची नावेही मिसळली आहेत, म्हणून साल पाहून वाचावे.

इंडिपेन्डन्स रॉक या मोठ्या खडकापाशी ४ जुलैपर्यंत पोहोचणे हा गाडीवाल्यांचा हिशेब असे, कारण पुढच्या डोंगरांत बर्फ पडण्याआधी पार व्हायचे असे. तिकडे जाताना कॅस्पर शहर सोडण्याआधी पेट्रोलची टाकी पूर्ण भरावी आणि नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावा, कारण वाटेत बराच वेळ संपर्क नसतो. माणशी तीन लिटर पाणी, रुंद काठाची टोपी आणि वारा अडवणारे जॅकेट मोटारीत असावे. गवतात रॅटलस्नेक असतात. वयस्कर मंडळी आणि मुले बरोबर असतील तर ठरलेली पायवाट सोडू नये.