६५ वॅटचा प्रोसेसर, गोव्यातल्या साखळीचा उन्हाळा आणि दोन हजारांच्या आतला कूलर

एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घेतला की खोक्यात ‘रेथ स्टेल्थ’ नावाचा एक बुटका कूलर फुकट येतो. ॲल्युमिनियमचा चपटा गोळा आणि त्यावर छोटा पंखा. तापतो म्हणून मी त्याच्यावर फारशी रागावले नव्हते, पण त्याच्या आवाजाने मात्र वीट आणला होता. माझं काम नाटकं आणि भजनं चित्रित करण्याचं. जत्रा-काल्याच्या दिवसांत देवळापुढच्या मांडवात होणारी मराठी नाटकं, रवींद्र भवनातले प्रयोग, श्रावणातली भजनं, असं सगळं घरी आणून मी जुळवते, आवाज साफ करते आणि गरज पडली तर निवेदनही त्याच टेबलावर बसून माइकवर बोलते. बोलता बोलता टेबलाखालचा पंखा सूंऽ करत चढला की तो रेकॉर्डिंगमध्ये उतरलाच म्हणून समजा. सॉफ्टवेअरने तो काढता येतो, पण त्याच्याबरोबर माझे ‘श’ आणि ‘स’ही घासले जातात.

त्यात मे महिना. दुपारी माझ्या खोलीत ३२-३३ अंश असतातच, आणि निवेदन करताना छताचा पंखासुद्धा बंद. रेंडर लावलं, म्हणजे जुळवलेल्या चित्रीकरणाची अंतिम फाइल करायला घेतली, की प्रोसेसर ८८-८९ अंशांवर जाऊन बसायचा. या चिपची मर्यादा ९० अंशांची आहे. तिथे पोचल्यावर तो जळत नाही, स्वतःच वेग थोडा उतरवतो आणि काम चालू ठेवतो. त्यामुळे ‘९० दिसलं, आता प्रोसेसर गेला’ अशी धास्ती घेण्याचं कारण नाही. पण तिथे टिकून राहण्यासाठी पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा माझा भाचा लगेच म्हणाला, “मावशी, लिक्विड घे. दिवे पण लागतात.” दिवे कुणाला हवेत? पण त्याच्या बोलण्याने एक बरं झालं, मी हिशोब मांडायला बसले. लिक्विड कूलरमध्ये पाणी फिरवणारा पंप असतो. पंप गेला की अख्खी वस्तू गेली. साध्या कूलरचा पंखा गेला तर १२० मिमीचा कोणताही चांगला पंखा त्याच तारेच्या क्लिपांनी अडकवता येतो. शिवाय लिक्विडच्या किमतीत माझा आणखी एक एसएसडी आला असता.

खरा प्रश्न हा होता की उष्णता बाहेर काढायची आहे तरी किती. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण एएमडीच्या ६५ वॅटच्या या चिपांना सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावर त्या बसतात त्या जागेतून, ७६ वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा असते. हिशोबात ७६ धरायचे. एएम४ या माझ्याच सॉकेटच्या १०५ वॅटवाल्या चिपांसाठी हाच आकडा १४२ आहे. इंटेलच्या आय५-१२४०० वर ६५ लिहिलं असलं तरी टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ‘माझा पण ६५ वॅटचाच’ म्हणून दोघांनी एकच कूलर घेणं बरोबर नाही. उलट कूलरच्या खोक्यांवर जे दोनशेच्या वरचे वॅट छापलेले असतात, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही. ते मोजण्याची सगळ्या कंपन्यांची मिळून एक पद्धत नाही.

७६ वॅटसाठी चार हीटपाइपचा, १२० मिमी पंख्याचा एक टॉवर, म्हणजे पातळ पत्र्यांची उंच चळत असलेला कूलर, पुरतो, या निष्कर्षावर मी आले. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आत थोडंसं पाणी असतं, तेही हवा काढून घेतलेल्या पोकळीत, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. खाली प्रोसेसरपाशी वाफ होते, वर पत्र्यांमध्ये जाऊन ती थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत खाली येतं. पंप नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. स्टेल्थमध्ये अशी एकही नळी नसते.

इथे गोव्यात एक शंका हमखास निघते, माझ्याही मनात आली होती. आपल्याकडे हवेत एवढा दमटपणा, मग कूलर कमी काम करेल का? नाही करत. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून आपल्याला उकडतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना घाम येत नाही. त्यांना फक्त एवढंच कळतं की आजूबाजूची हवा आपल्यापेक्षा किती थंड आहे. म्हणून हिशोबात खोलीचं तापमान येतं, दमटपणा येत नाही. याच कारणामुळे बाहेरच्या देशांतल्या चाचण्या वाचताना सावध राहायला हवं. त्यांची खोली बहुधा २१-२२ अंशांची असते. तिथे ६० अंश दाखवणारा कूलर माझ्या मे महिन्यात ७० दाखवणार, हे धरूनच चालायचं. आणि कुठलाही हवेचा कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही, मग तो पाचशेचा असो की दहा हजारांचा.

आता मॉडेलं. यादी मोठी वाटते, पण माझ्या बाबतीत निवड केली ती एका पट्टीने. माझ्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, कूलरची उंची जास्तीत जास्त १५५ मिमी. कूलर मास्टरचा हायपर २१२ लोक वर्षानुवर्षं सुचवत आलेत, तो साधारण १५९ मिमी. बाद. डीपकूलचा एके४०० बरोबर १५५. कागदावर बसतो, पण माझ्या कॅबिनेटला बाजूने काच आहे, आणि काचेला टेकणारा कूलर बसवून मला रात्री झोप आली नसती. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई दोन टॉवरचा, सहा नळ्यांचा. उत्तम वस्तू, पण उंची तीच १५५ आणि ७६ वॅटसाठी उगाच मोठी. उरले दोन: थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० रिफाइन्ड एसई, १४८ मिमी, आणि डीपकूलचा एजी४००, १५० मिमी. दोन्हींना चार नळ्या. खरं सांगायचं तर या दोघांत डावंउजवं करण्याइतका फरक मला दिसला नाही. जो हाताशी लवकर मिळेल तो, असं ठरवलं.

म्हापशाच्या एका दुकानात विचारलं तर दुकानदाराने भलताच तिसरा पुढे केला. “बाय, हो सगळ्यांक बसता.” सॉकेटच्या बाबतीत त्याचं खरं होतं, आजचे बहुतेक कूलर इंटेल-एएमडी दोन्हीच्या पट्ट्या घेऊनच येतात. पण कॅबिनेट कोणतं, हे त्याने विचारलं नाही. शेवटी एजी४०० कुरिअरने मागवला, दोन हजारांच्या आत घरपोच. रॅमचंही बघून घ्या. माझ्या रॅमला उंच पत्रे नाहीत. ज्यांच्या रॅमला असतात त्यांना पुढचा पंखा थोडा वर सरकवून बसवावा लागतो, आणि मग कूलरची छापील उंची काही कामाची राहत नाही.

बसवणं सोपं आहे, फक्त एएम४ च्या दोन खोड्या आधी माहीत हव्यात. पहिली अशी: या सॉकेटमध्ये टाचण्या प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फार घट्ट धरत नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली जुनी पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि टाचण्या वाकतात. म्हणून आधी एक रेंडर लावून प्रोसेसर तापू द्यायचा म्हणजे पेस्ट सैल पडते, मग मशीन बंद करून वायर काढायची, स्क्रू काढून कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवायचा आणि सुटल्यासारखा वाटला की मगच उचलायचा. माझा गपगुमान सुटला. दुसरी खोडी मदरबोर्डाच्या मागच्या पत्र्याची. स्टेल्थचे चारही स्क्रू सुटले की त्या पत्र्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि बोर्ड उभा असेल तर तो मागे खाली पडतो. कॅबिनेट आडवं करून एक हात मागून लावावा लागतो. माझ्या वेळी तो हात भाच्याचा होता. नवा कूलर याच पत्र्यावर बसतो. बोर्डाबरोबर आलेले प्लास्टिकचे दोन कंस इथे लागत नाहीत, पण ते फेकू नका. आकड्याने अडकणारे काही कूलर त्यांच्यावरच बसतात.

एजी४०० च्या तळाला तांब्याच्या नळ्या थेट प्रोसेसरला टेकतात आणि नळ्यांच्या मधे बारीक खाचा असतात. म्हणून मधोमध एक ठिपका देण्यापेक्षा मी पेस्ट पातळ पसरवली. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. पंख्याचं तोंड मागच्या जाळीकडे, म्हणजे समोरून आलेली हवा टॉवरमधून जाऊन मागून बाहेर पडते. काचेवरची संरक्षक फिल्म आणि तळावरचा स्टिकर काढायला विसरू नका, एवढं सांगितलं की बसवण्याची गोष्ट संपली.

त्याच दुपारी तेच रेंडर परत लावलं. ८८-८९ च्या जागी ७३-७४. रेंडरच्या वेळात मात्र जेमतेम फरक पडला. कूलर बदलला की मशीन पळायला लागेल, असं कुणी सांगत असेल तर ६५ वॅटच्या चिपसाठी तरी ते मनावर घेऊ नका.

आणि आवाज? पहिल्या संध्याकाळी तो गेला नव्हता, फक्त त्याची तऱ्हा बदलली होती. रायझन नुसता ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळतो आणि लगेच खाली येतो. बोर्ड त्या प्रत्येक उसळीमागे पंखा धावडवत होता. वर-खाली, वर-खाली. एकसारखा आवाज एक वेळ कानाआड करता येतो, हा तर दम्याच्या पेशंटसारखा. उपाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, आहे. ६० अंशांपर्यंत पंख्याचा वेग एकाच पातळीवर ठेवला, तिथून ८० पर्यंत हळूहळू चढ, आणि वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची जी सोय असते ती चालू केली. क्षणाच्या उसळीला पंखा आता दादच देत नाही. दोन हजारांच्या कूलरइतकंच काम या फुकटच्या सेटिंगने केलं. नवा कूलर घ्यायच्या आधी स्टेल्थवरही हे करून बघण्यासारखं आहे. ज्यांना फक्त लिहिणं-वाचणं आणि हिशोब करायचेत त्यांचं त्यातच भागेल.

धुळीचं मात्र आपल्याकडे वेगळं प्रकरण. खनिजाचे ट्रक धावोत न धावोत, डिचोलीची लाल माती कुठूनही आत येते, आणि पावसाळ्यात दमट हवेत तिचा पत्र्यांवर थर बसतो. तो नुसत्या फुंकरीने जात नाही, मऊ ब्रश लागतो. ब्लोअर वापरला तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. समोरच्या जाळीवरचा फिल्टर मी महिन्यातून एकदा धुते, वाळल्याशिवाय परत लावत नाही, आणि जुलैत तो वाळायला दोन दिवस लागतात.

आता पेटीत सगळ्यांत जास्त आवाज करतो तो कॅबिनेटबरोबर आलेला मागचा पंखा. त्याला तीनच पिना आहेत. बायोसमध्ये त्याचं खातं पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चार पिनांच्या पंख्यांच्या पद्धतीवर, होतं म्हणून तो कायम पूर्ण वेगात फिरायचा. डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याच्या पद्धतीवर, टाकल्यावर थोडा नरमला आहे, पण बेअरिंगची खरखर येतेच. भाच्याला नवा पंखा बघायला सांगितलं आहे. त्याने पाठवलेल्या सगळ्याच पंख्यांना दिवे आहेत.