छत्तीस डॉलर

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर अमेरिकन रॉक गायक डिऑन डिमुची ऐकला. सकाळी १९५८ पासून सुरुवात केली, जेवणं उरकून २०२० ला येऊन पोचलो. आवाज जाडसर होत गेला, पण ब्रॉन्क्सच्या गल्लीतला तो रुबाब काही सुटला नाही.

मन मात्र फेब्रुवारी १९५९ मध्येच घुटमळतंय. एकोणीस वर्षांचा डिऑन आणि त्याचा गायकांचा चमू बेलमॉन्ट्स, रॉक गायक बडी हॉलीबरोबर दौऱ्यावर होते. ऐन हिवाळा, चहूकडे बर्फ, बसचा हीटर सारखा बंद पडायचा. हॉलीच्या ड्रमरचे पाय गारठून इतके बिघडले की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. आयोवातल्या क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर हॉलीने छोटं विमान ठरवलं. माणशी ३६ डॉलर. डिऑन सांगतो, आकडा ऐकला आणि घर डोळ्यांपुढे आलं. आईवडिलांचं महिन्याचं घरभाडं नेमकं तेवढंच होतं, आणि त्यावरून घरात सारखी भांडणं. वडील कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायचे, कमाईचा भरवसा नाही. एका रात्रीच्या उबेसाठी तेवढे पैसे मोजायला त्याचा हात धजेना. तो बसनेच निघाला.

विमान उडाल्यावर काही मिनिटांत कोसळलं. हॉली गेला, २२ वर्षांचा. दौऱ्यावरचे दुसरे दोन गायकही गेले, रिची व्हॅलेन्स १७, बिग बॉपर २८. वैमानिकही गेला. आणि त्याच रात्री पुढच्या मुक्कामी, मूरहेडला, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला! हे वाचताना दर वेळी घसा दाटून येतो. त्या पोरांना एक रात्र धड रडूही दिलं नाही.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धंच वाटतं. कारण विमान चुकलेला तो मुलगा तेव्हाच हेरॉइनच्या विळख्यात होता, किशोरवयापासून. १९६० मध्ये त्याचं 'व्हेअर ऑर व्हेन' हे गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, तेव्हा तो व्यसन सोडवण्यासाठी इस्पितळात होता. तिथेही सुटलं नाही. १९६१ मध्ये 'रनअराउंड स्यू' पहिल्या क्रमांकावर. ते गाणं मी कॉलेजात असताना नुसतं उड्या मारत ऐकलंय. आज तसं ऐकता आलं नाही.

मग कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनी, तिथे निर्माता जॉन हॅमंडने ऐकवलेला जुन्या गायक रॉबर्ट जॉन्सनचा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःखाचं गाणं, आणि लोकांच्या नजरेआड गेलेली वर्षं. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याचा मित्र, गायक फ्रँकी लायमन हेरॉइननेच गेला, अवघ्या पंचविशीत. त्यानंतर महिन्याभराने, १ एप्रिलला, डिऑनने प्रार्थना केली आणि नशा सुटली. ती पुन्हा धरली नाही.

त्याच वर्षी 'अब्राहम, मार्टिन अँड जॉन' आलं. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर डिक हॉलरने लिहिलेलं, हत्या झालेल्या लिंकन, किंग आणि केनेडी बंधूंबद्दलचं. आज हे पाच-सहा वेळा तरी ऐकलं असेल. आवाज कुठेही चढत नाही. पोरींना वेड लावणारा गळा इथे पायातल्या चपला काढून आल्यासारखा गातो. गेलेल्या माणसांची विचारपूस करायची तर अशीच करावी. ते गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण मला ते नुकतेच काही महिने नशेशिवाय काढलेल्या माणसाचं गाणं म्हणून ऐकू येतं. दिवस मोजणं म्हणजे काय, ते आमच्या घराने पाहिलंय. धाकट्या भावाची नशा सुटून आज चार वर्षं झाली.

पुढे भक्तिगीतं, पुन्हा रॉक, आणि ऐंशीव्या वर्षी 'ब्लूज विथ फ्रेंड्स' हा अल्बम. त्यात गायक पॉल सायमनबरोबर तो जुना गायक सॅम कुक याची आठवण गातो. ते गाणं सावकाश, वेगळ्या दिवशी ऐकायचं ठेवलंय.

मघाशी धाकट्याला 'अब्राहम' पाठवलं. दहा मिनिटांनी त्याचा फोन.

"दादा, हा तोच का रे, रनअराउंड स्यूवाला?"

म्हटलं, "हो, तोच."