तुम्ही विचारलंत म्हणून: पीडीएफ का नाही करत?

"ताई, स्कॅन करा आणि पीडीएफ टाका की! बंदिशींच्या एका पुस्तकाला चार महिने?" मिरजेत गाण्याच्या बैठकीला गेले की चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच. मी बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गीतं, मोबाइलवर वाचता येतील अशा टंकते ना, म्हणून.

परवाच एका क्लासमध्ये पाहिलं. मुलगी मोबाइलवर पीडीएफ उघडून पेटीला बसलेली. अक्षरं दिसेनात म्हणून दोन बोटांनी पान मोठं केलं, तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडद्याबाहेर. सम शोधायला पान सरकवलं, तर मुखडा, बंदिशीची सुरुवातीची ओळ, गायब. तबलजी आपला ठेका लावून वाट बघतोय.

मग ईपब करावं, ई-पुस्तकाचा तो दुसरा प्रकार. त्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं बसतात. रागाच्या माहितीला ते उत्तम. पण स्वरलिपीची, म्हणजे लिहून ठेवलेल्या स्वरांची, ओळ कुठं मोडायची ते मोबाइलला काय कळणार? त्रितालाच्या १६ मात्रा (ठोके) तो अकरावीवर तोडतो आणि वरचे स्वर, खालचे शब्द यांची फारकत होते. त्यात स्वर लांबवायला आपण जी आडवी रेघ टंकतो, तिच्यापाशी तर त्याला ओळ तोडायची मुभाच वाटते. म्हणून मी आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, हातानं मोडते: आठ-आठ मात्रा. मध्यलयीच्या बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेवर, म्हणजे 'खाली' या बिनजोराच्या मात्रेला सुरू होतात. मग पहिली ओळ 'खाली'ची आणि दुसरीच्या तोंडाशी सम. झपतालाला पाच-पाच. रूपक मात्र गुणी, सातच्या सात एका ओळीत मावतात.

खरा घाम दरबारी रागानं काढला. भातखंड्यांच्या स्वरलिपीच्या पद्धतीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, आणि एका मात्रेत दोन स्वर असले की दोघांखाली चंद्रकोर. दरबारीचा जीव मंद्रात, धैवत-निषाद (ध-नि) कोमल. तिन्ही चिन्हं एकाच अक्षराच्या पायाशी! एका फॉन्टात टिंब रेघेत बुडालं, दुसऱ्यात प्रत्येक निषादाशेजारी रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ आलं. शेवटी टिंब, रेघ, कोर वेगळी रेखून बसवली. महिना त्यातच गेला.

जुन्या वह्यांची तऱ्हा आणखी निराळी. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवांकडे. त्यामुळे त्यांच्या पद्धतीनं लिहिलेल्या वह्या इकडे निघतात. त्यांच्याकडे डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांकडे तेच तार, म्हणजे वरचं सप्तक. एकदा हे न बघता मी आठ पानं टंकली होती. गायकाचा गळा दोन सप्तकं वर! इथल्या एका गवई बुवांनी ते वाचलं आणि नुसतं हसले.

आणि एक गृहस्थ आहेत, दृष्टी नाही, फोनकडून वाचून घेतात. स्कॅनपुढे फोन मुकाच. टंकलेलं दिलं तर स्वर बोलला, पण खालची रेघ गाळून. भीमपलासी रागातले कोमल गंधार-निषाद (ग-नि) सगळे शुद्ध! आता प्रत्येक चिन्हामागं डोळ्यांना न दिसणारा शब्द लिहिते: 'कोमल ग', 'मंद्र नि'. एका बंदिशीला असे शंभरेक तरी होतात. त्यांनी ऐकून सांगितलं, "ताई, 'कोमल' आधी नको, नंतर घाला. स्वर अगोदर कळू दे."

परत सगळं बदलतेय. पाचवा महिना लागेल.