दरी कुठे आहे?

जाम गेटचा फोटो आठ बाय बारा इंचात छापून नेला, तेव्हा या वेळी कोणाला बोलायला जागाच नाही अशी माझी खात्री होती. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या नणंदेने तो फोनचा वॉलपेपर केला होता आणि जळगावच्या मावशींनी "स्वित्झर्लंड का गं?" विचारलं होतं. निमाडच्या दरीला कोणी स्वित्झर्लंड म्हटलं की एरवी मी भांडते. त्या दिवशी मात्र मी नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहाजण इंदूरच्या रामबागेत मास्तरांकडे जमतो. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. स्वतः फोटो काढत नाहीत, मोबाइलही अजून बटणांचाच आहे. त्यांच्याकडे नियम दोनच. फोटो छापून आणायचा, आणि ज्याचा फोटो असेल त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम मला फार जाचतो. तिथे गर्दी होती, ढग आले, हे मागून हॉर्न वाजवत होते, असं पोटात साठलेलं सगळं चहाबरोबर गिळावं लागतं. मास्तर विचारतात, "भिंतीवर लागलेल्या फोटोशेजारी उभी राहून तू लोकांना हॉर्नची गोष्ट सांगणार आहेस का?"

तर माझा फोटो टेबलावर आला. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मला ते कौतुकाचं मौन वाटलं. मग देपालपूरच्या डॉक्टरांनी "छान हिरवं आहे" म्हटलं. "छान"ला आमच्याकडे दहा रुपये दंड आहे, ते त्यांनी मुकाट्याने डब्यात टाकले.

मास्तरांनी फोटो उचलला आणि उलटा ठेवला. आकाश खाली, दरी वर. ही त्यांची जुनी खोड. चित्र उलटं केलं की त्यातलं गेट, झाड, डोंगर अशी नावं पुसली जातात आणि नुसते काळे-पांढरे डाग उरतात, मग डोळा आपोआप सगळ्यात जड डागाकडे जातो. "आता डोळे बारीक करून बघ. कुठे जातोय डोळा?"

माझा डोळा गेला तो कोपऱ्यातल्या एका चकचकीत ठिपक्याकडे. चिप्सचं रिकामं पाकीट. आत चांदीसारखं अस्तर असतं ना, तेच नेमकं वर झालेलं. पंधरा दिवस हा फोटो मी दिवसातून दहादा पाहिला होता आणि ते पाकीट मला एकदाही दिसलं नव्हतं. फोटो काढताना मी दरी बघत होते, कडा कोण बघतंय! त्या दिवसापासून बटण दाबायच्या आधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवते, पोळपाट धुतल्यावर कडेला पीठ राहिलंय का बघतो तशी.

पाकिटाचं दुःख परवडलं, ते मोबाइलमध्येसुद्धा पुसता येतं. खरा घाव पुढे होता. मास्तरांनी फोटो सरळ केला, हातभर लांब धरला आणि विचारलं, "यात दरी कुठे आहे?"

सगळा फोटोच दरीचा होता! पण मला बोलायची बंदी.

ज्यांनी जाम गेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. महूहून मंडलेश्वरला जाताना माळव्याचं पठार जिथे एकदम संपतं, तिथे ऐन काठावर अहिल्याबाईंच्या वेळचा हा दगडी दरवाजा उभा आहे. मागे सपाट शेतं आणि पुढे पाऊल टाकलं की खाली निमाड. पावसाळ्यात एकामागे एक डोंगरांच्या ओळी दिसतात. पहिली हिरवी, दुसरी हिरवट-निळी, आणि शेवटची डोंगर की ढग हेच कळू नये इतकी फिकी. हवाच मधे येते म्हणून ते तसं दिसतं. उजेडातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो. समोरचा डोंगर जितका दूर, तितकी मधली हवा जास्त आणि तितका त्याच्यावर निळसर पडदा दाट. त्यात ओल किंवा धूळ असली की पडदा पांढुरका होतो.

मी काय केलं होतं? घरी येऊन कॉम्प्युटरवर डीहेझ नावाचा स्लायडर साठच्या पुढे सरकवला होता. धुरकटपणा गेला, मागचा डोंगर पुढच्यासारखा ठसठशीत झाला, झाडं मोजता येऊ लागली. मला वाटलं, फोटो उघडला.

मास्तरांनी आतून शाईची दौत, ब्रश आणि कुठल्याशा लग्नाची पत्रिका आणली. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आधी नुसत्या ओल्या ब्रशने, नावापुरत्या शाईने एक ओळ ओढली. ती वाळेपर्यंत चहा झाला. तिच्याखाली थोड्या जास्त शाईची दुसरी, मग सगळ्यात खाली भरदार तिसरी. बस्स, तीन फटकारे. आणि त्या पत्रिकेत तळहाताएवढ्या जागेत दहा कोस मावले.

"लांबच्या डोंगराला पाणी जास्त, शाई कमी," ते म्हणाले. "तू लांबचं काळं केलंस, म्हणून ते पुढे आलं. तिन्ही डोंगर एका भिंतीला टेकून बसलेत. हवा काढून टाकलीस की दरी जाणारच."

असं बोलताना मास्तरांना देवळालीकर आठवतात हे ठरलेलंच. इंदूरला १९२७ साली देवळालीकरांनी चित्रकलेची शाळा काढली आणि बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी असे एकेक चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले. बेंद्रे तर जन्माने इंदूरचेच, १९१०चे. मास्तरांचा सूर असा असतो, की ही माणसं गावाबाहेर बसून हातांनी उजेड शिकली आणि तुम्ही बोटाने स्लायडर ढकलता. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. स्लायडर ढकलायलाही डोळा लागतोच, आणि मला तो अजून नाही एवढंच. पण त्या दिवशी वाद घालण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

शेवटी बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "उभी कुठे होतीस?"

"सगळे उभे राहतात तिथेच."

"किती वाजता?"

साडेअकरा. घरून निघताना पोहे-जिलबी, मग महूला पुन्हा चहा. ऑगस्टमध्ये त्या वेळी ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, सावली झाडांच्या पायाशी गोळा झालेली असते आणि डोंगराला घडीच राहत नाही. वरून कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स अठरावर, म्हणजे सगळ्यात रुंद, कारण मला सगळं घ्यायचं होतं. सगळं घेतलं की समोरचा कठडा मोठा होतो आणि लांबचा डोंगर सुपारीएवढा, हे लेन्स हातात घेतल्या दिवसापासून मला पाठ आहे. पण समोर अख्खी दरी असली की हात आपोआप अठराकडेच वळतो.

आता दुसऱ्यांच्या फोटोंबद्दल. तिथेही मी फार शहाणी आहे असं नाही. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मागे सिरपूर तलावाचा फोटो आणला होता. पहाटेचं पाणी, चार-पाच पाणपक्षी, आणि वरच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारती, क्रेनसकट. मी लगेच काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन घेतले (मास्तरांकडे असतात, फोटोवर ठेवून चौकट लहान-मोठी करता येते) आणि इमारती झाकून दाखवल्या. "बघ, किती शांत झालं!"

त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "काकू, इमारती काढल्या तर हा कुठलाही तलाव होईल. सिरपूर राहणार नाही."

सिरपूरला २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. इतक्या मोठ्या शहराच्या कुशीत असं पाणी अजून जिवंत आहे, हीच तर त्याची गोष्ट, आणि मी ती पुठ्ठ्याने झाकून कॅलेंडर करत होते. मास्तरांनी काही न बोलता पुठ्ठे माझ्या हातातून काढून घेतले. मी तो रविवार जरा फुगूनच घालवला.

डॉक्टरांच्या शेताचा फोटो मात्र सगळ्यांना काहीतरी शिकवून गेला. सोयाबीन निघाल्यावर नांगरलेलं रान, त्यावर सकाळचं तिरपं ऊन. फोटोत माती राखाडी आली होती, सिमेंट सांडल्यासारखी. डॉक्टरांना स्वतःलाच ते खटकत होतं. "आमची माती अशी नाही हो, कढईच्या बुडासारखी आहे." दोष मातीचा नव्हता आणि तसा कॅमेऱ्याचाही नव्हता. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर काहीही असलं तरी ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, साधारण अठरा टक्के उजेड परतवणारं. चौकटभर काळी माती दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो जास्त उजेड आत घेतो. परदेशी पुस्तकांतून आपण बर्फाचा धडा वाचतो, की पांढऱ्या बर्फावर एक्सपोजर एक पायरी वाढवा. माळव्यात बर्फ कुठला! इथे तो धडा उलटा गिरवायचा, काळ्या रानावर एक पायरी कमी. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी तेच रान उणे एकवर काढून आणलं. ढेकळांची धार दिसत होती आणि मास्तरांनी तो फोटो उलटा न करताच बाजूला ठेवला. आमच्याकडे याहून मोठं बक्षीस नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मंगळवारची रजा टाकली आणि पहाटे साडेचारला ह्यांना उठवलं. पोहे डब्यात. जाम गेटला पोहोचलो तेव्हा दरीच नव्हती. खालून वरपर्यंत धुकं, दुधाच्या पातेल्यात बघितल्यासारखं. हे गाडीत झोपले. मी कठड्याजवळ न थांबता रस्त्याने बरंच खाली उतरले, एका वळणावर पळसाच्या झाडाशी ट्रायपॉड लावला आणि लेन्स पंचावन्नवर नेली, म्हणजे लांबचं जवळ आणलं. दरवाजा मागे राहिला, तो फोटोत येणार नव्हता. जाम गेटला जाऊन जाम गेटच न घ्यायचं, याची मला जरा चुटपुट लागली.

पाऊण तासाने डाव्या हाताला ऊन आलं. आधी दुसऱ्या ओळीचा माथा तेवढा वर निघाला, मग पहिलीची एक सोंड, आणि दोन्हींच्या मधे धुकं तसंच पडून. ऊन आडवं असल्यामुळे प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत. तिसरी ओळ होती की नव्हती, शपथेवर सांगता येणार नाही. चौकटीच्या चारही कडा पाहिल्या. पाकीट नव्हतं. सहा फोटो काढले, तोवर धुकं विरलं आणि नेहमीची ओळखीची दरी दिसू लागली.

घरी स्लायडरला हात लावला नाही. म्हणजे एकदा लावला, बघितलं, आणि शून्यावर परत आणला.

फोटो छापायला टाकला आणि दुसऱ्या दिवशी आणायला गेले. काउंटरवरच्या मुलाने पाकिटातून प्रिंट काढून मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे धरला. तिन्ही डोंगर काळेभोर, धुकं साफ, झाडं मोजून घ्या. "मॅडम, बहुत धुंधला था, मैंने क्लियर कर दिया. एक्स्ट्रा चार्ज नहीं है."

मी म्हटलं, "भिया, जैसा दिया था वैसाच निकाल दे."

त्याने पुन्हा काढला. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत राहिला, मग आत काम करणाऱ्याला हाक मारली, त्यालाही दाखवले. "ये वाला चाहिए इनको," तो म्हणाला, आणि धुरकट प्रिंट पाकिटात घालताना माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काही बिघडवायला सांगितलं होतं. काळा प्रिंट त्याने फुकट दिला. तो नणंदेला पाठवते आहे.