बेळगावात सुइट कोणाला मिळतो? लग्नाच्या निमित्ताने केलेला प्रवास, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी माहिती

बेळगावात हॉटेलची मोठी खोली जादा पैसे न देता मिळेल की नाही, हे तुमच्याकडच्या हॉटेल साखळीच्या मेंबरशिप कार्डाच्या रंगापेक्षा बेळगावच्या कॅलेंडरवर जास्त ठरतं. कार्ड तुम्हाला रांगेत पुढची जागा देतं. रांगेच्या टोकाला खोली शिल्लक आहे की नाही, हे त्या रात्री गावात काय चाललंय त्यावर असतं. पुण्या-मुंबईकडून लग्नकार्याला, कारखान्याच्या कामाला किंवा गोव्याच्या वाटेवर बेळगावात उतरणाऱ्यांनी ही गोष्ट बुकिंग करण्याआधी लक्षात घ्यावी, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे निमित्त होतं मामेभावाच्या मुलीच्या लग्नाचं. माघातलं लग्न, कार्य शहापुरात. मामाचं घर जुनं, झोपायची सोय माडीवर, आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्यामुळे हॉटेल हवंच होतं. "घर असताना हाटेलात कशाला उतरता रे?" असं मामा फोनवर म्हणत राहिला. त्याला वाईट वाटणं साहजिक होतं, पण आईची झोप महत्त्वाची होती. शिवाय आई माहेरी आली म्हटल्यावर वडगाव, अनगोळ, टिळकवाडीतल्या मावश्या आणि शाळेतल्या मैत्रिणी भेटायला येणार हे ठरलेलं. हॉटेलच्या साध्या खोलीत पलंग, एक खुर्ची आणि भिंतीला लावलेलं टेबल. पाच-सहा जणी बसणार कुठे? बाहेर वेगळी बैठक असलेला सुइट मला हवा होता तो यासाठी. नोकरीतल्या सततच्या फिरतीमुळे माझं कार्ड सुइट मिळू शकेल अशा पायरीचं आहे.

पुण्याहून गाडीने निघालो. महामार्ग ४८ वर सातारा ते कागल रुंदीकरणाचं काम चालू असल्यामुळे वेळ हाताशी जास्त ठेवावा लागतो. कागल सुटलं की कोगनोळीला कर्नाटक लागतं, मग निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव. गाडी चालवायची नसेल तर पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावावरून जाते. ती पुण्याहून दुपारी निघून रात्री जेवणाच्या वेळेला पोचवते, पण रोज नसते. तारीख पाहून मगच बेत ठरवा.

आता मुद्द्याचं. अपग्रेड, म्हणजे बुक केली त्याहून वरची खोली, काउंटरवर, तुम्ही समोर उभे असताना ठरतं असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बरंचसं आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी ठरलेलं असतं. रात्रपाळीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची यादी काढतो, कोणत्या प्रकारच्या किती खोल्या मोकळ्या होणार ते पाहतो आणि नावांपुढे खोल्यांचे नंबर टाकत जातो. आधी जातात पैसे भरून घेतलेले सुइट आणि मुक्कामांवर साठलेले पॉइंट्स किंवा साखळीकडून मिळालेलं अवॉर्ड वापरून आधीच पक्के झालेले. त्यानंतर हॉटेलची स्वतःची अडचण येते. साध्या खोल्या हातात आहेत त्याहून जास्त विकल्या गेल्या असतील, तर कोणाला तरी वर ढकलावंच लागतं. मग कार्डधारक, वरच्या पायरीपासून खाली. एकाच पायरीवर दोघे असतील तर कोण वारंवार येतो, कोणाचा मुक्काम किती, कोणी कोणत्या दराने बुक केलंय, हे पाहिलं जातं. इथे प्रत्येक हॉटेलची पद्धत थोडी वेगळी असते, आणि शेवटचा शब्द हॉटेलचा असतो हे नियमांत लिहिलेलंच असतं.

पायऱ्यांचं गणित नीट समजून घ्या, कारण निराशा बहुतेक इथेच होते. मॅरियट बॉनव्हॉय या मॅरियट साखळीच्या मेंबरशिप योजनेत वर्षात १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. त्याच्या वरच्या ॲम्बॅसडरला १०० रात्री आणि शिवाय वर्षाच्या खर्चाची अट. सिल्व्हरला खोली अपग्रेडचं कलमच नाही. गोल्डला शिल्लक असेल तर जरा बरी खोली मिळते, सुइट त्यात येत नाही. सुइटचं दार उघडतं प्लॅटिनमपासून, तेही चेक-इनच्या वेळी शिल्लक असेल तर. हयात साखळीच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेतही तसंच आहे. ३० रात्रींच्या एक्सप्लोरिस्टला बरी खोली, सुइट फक्त ६० रात्रींच्या ग्लोबलिस्टला. २०२३ मध्ये आपल्याकडे एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड आलं आणि त्याबरोबर सिल्व्हर आपोआप मिळू लागलं. अनेकांच्या हातात कार्ड आलं, ही चांगली गोष्ट आहे, पण त्या कार्डावर काउंटरवर सुइट मागून उपयोग नाही. तिथे उभ्या असलेल्या मुलाला नाही म्हणावं लागतं आणि दोघांचाही वेळ जातो.

बेळगावची गोष्ट मोठ्या शहरांपेक्षा वेगळी आहे, कारण इथे सुइट थोडे असतात. मोठ्या साखळ्यांच्या फलकाची हॉटेलं इथे आली आहेत, पण ती मध्यम आकाराची. एखाद्या हॉटेलात बोटांवर मोजता येतील इतकेच सुइट. दुसरीकडे सोमवार ते गुरुवार वरच्या पायरीचे कार्डधारक गावात पुष्कळ. हत्तरगीच्या एरोस्पेस कारखान्यांकडे परदेशी इंजिनियर येतात, उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांकडे खरेदीदार येतात. ही माणसं वर्षभर हॉटेलातच राहणारी, मुक्काम लांबलचक, दर कंपनीने ठरवलेला. त्यांच्या रांगेत तुमचं प्लॅटिनमसुद्धा मधेच कुठेतरी असतं. रविवारची रात्र मात्र हलकी जाते. शनिवारचे लग्नवाले आणि गोव्याहून परतणारे निघून गेलेले असतात, कंपन्यांची माणसं सोमवारी यायची असतात. तारखा हातात असतील तर मुक्कामाची सुरुवात रविवारी करा.

आम्हीही रविवारी संध्याकाळी पोचलो. काउंटरवर खानापूरकडचा एक तरुण ड्युटीवर होता. मी कार्डाचा विषय काढला नाही. आईला पुढे बसवलं, तिला भेटायला म्हातारी माणसं येणार आहेत, बाहेर बसायला जागा असलेली खोली मिळाली तर बरं होईल, एवढंच सांगितलं. त्याने स्क्रीनवर पाहिलं. "तुमचं नाव वरतीच आहे बघा. पण शेवटच्या रात्री सुइट लग्नवाल्यांनी घेतलाय. सगळ्या रात्री मोकळा नसला की सिस्टीम देतच नाही." ही खरी मेख आहे. प्लॅटिनमचं अपग्रेड पूर्ण मुक्कामासाठी असतं. मुक्कामातल्या एका रात्रीलाही तो सुइट विकला गेलेला असेल, तर तुमचं नाव त्या खोलीपुढे बसत नाही, आणि एकाच रात्रीपुरता आलेला, रांगेत तुमच्या मागे असलेला माणूस तो घेऊन जाऊ शकतो. यात अन्याय काही नाही, हिशेबच तसा आहे.

मी विचारलं, "शेवटच्या रात्री आम्ही साध्या खोलीत गेलो तर आधीच्या रात्री देता येईल का?" त्याने मॅनेजरला फोन लावला, स्क्रीनवर काहीतरी हलवलं आणि म्हणाला, "सामान हलवायला लागेल की तुम्हाला. चालतंय?" चालत होतं. एका बॅगेसाठी कोण अडून बसणार! हा प्रश्न विचारल्याशिवाय ही सोय कोणी आपणहून पुढे करत नाही. या साऱ्या प्रवासातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला: मुक्कामाच्या काही रात्रींपुरता सुइट चालेल का, हे तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बैठकीत आईच्या मैत्रिणी आल्या. एकीने घरचे मांडे आणले होते, केळीच्या पानात गुंडाळून. सोफ्यावर तिघी, खुर्च्यांवर दोघी, आई पाय वर घेऊन मधे. संध्याकाळपर्यंत त्या उठल्या नाहीत. मामाही आला, खोली पाहिली आणि म्हणाला, "हे बरं केलंस हं."

कुटुंबासह जाणाऱ्यांनी एक नियम पक्का धरावा. तुमच्या नावावर तीन खोल्या घेतल्या तरी कार्डाचे फायदे तुम्ही स्वतः राहता त्याच खोलीला मिळतात. आईवडिलांना सुइट आणि आपण शेजारी, असं चालत नाही. म्हणून मी त्याच खोलीत जादा गादी मागवून राहिलो, आणि भाऊ-वहिनी साध्या खोलीत. सुइटमध्ये बहुधा एकच मोठा पलंग असतो. दोन वेगळे पलंग हवेतच असा हट्ट नोंदवला असेल तर तिथेच तुमचं नाव मागे पडतं. जादा गादी चालेल हे आधी कळवा. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. वयस्कर मंडळींची आधार कार्डं घरी राहतात, ती आठवणीने घ्या.

बुकिंग साखळीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून करा. प्रवासाच्या इतर वेबसाइटवरून स्वस्त पडलं तरी पॉइंट्स मिळत नाहीत, आणि कार्डाचे फायदे द्यायला हॉटेल बांधील नसतं. येण्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्याच नंबरवर फोन करा, साखळीच्या मध्यवर्ती नंबरवर नव्हे. यादी त्या रात्री होणार असते, त्यामुळे तुमचं म्हणणं योग्य माणसाच्या कानावर जातं. बेळगावात मराठी सर्रास चालते. समोरचा हुक्केरी-गोकाककडचा असेल आणि कन्नडमध्ये उत्तर देत असेल तर हिंदीत बोला, काही बिघडत नाही. कारण खरं सांगा आणि थोडक्यात सांगा.

काउंटरवर कधी कधी पैसे भरून अपग्रेड देऊ करतात. तिथे कराचा हिशेब जरूर करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. समजा खोली ७,२०० ची आहे, करासह ७,५६० होतात. ८०० रुपये जादा देऊन मोठी खोली घेतली तर भाडं ८,०००, त्यावर १,४४० कर, एकूण ९,४४०. म्हणजे ८०० चं अपग्रेड प्रत्यक्षात १,८८० ला पडलं. फुकट मिळालेल्या अपग्रेडला हा फटका नाही, कारण कर तुम्ही भरलेल्या भाड्यावर लागतो.

आता टाळायच्या तारखा. हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, बहुतेक वेळा डिसेंबरात. त्या काळात मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस आणि पत्रकार यांच्यासाठी गावातल्या बहुतेक बऱ्या खोल्या आधीच धरलेल्या असतात. अपग्रेड राहू द्या, खोलीच मिळवायची मारामार. अधिवेशनाच्या सुरुवातीला सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या वेळी आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सव दिनी, सीमेवर बंदोबस्त असतो, कोगनोळीला गाड्या थांबवून तपासतात, आणि वातावरण तापलं तर दोन्हीकडच्या एसटी सीमेपर्यंतच धावतात. या दिवशी वयस्कर माणसांना घेऊन निघू नका. दाट लग्नतिथी असलेल्या शनिवार-रविवारी सुइट नवरा-नवरीसाठी जातात, तिथेही आशा ठेवू नये.

लग्नानंतर आईला हलशीला नेलं. खानापूर तालुक्यातलं हे कदंबांचं गाव. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मंदिर जरूर पाहा. पण हलशी, जांबोटी, कणकुंबी किंवा पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहायला जाणार असाल तर मुक्काम बेळगावातच धरा. तिकडे घरगुती राहण्याच्या जागा आहेत, काही फार सुंदर आहेत, पण तिथे तुमच्या कार्डाचा काही संबंध येत नाही.

निघायच्या दिवशी सुइटपेक्षा जास्त कामाला येते ती उशिरा खोली सोडायची सवलत. मॅरियटच्या प्लॅटिनमला दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते, फक्त रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत (मोठ्या परिषदा भरतात अशा) ते उपलब्धतेवर असतं. गोल्डला दोनपर्यंत, शक्य असेल तर. आम्ही सकाळी कॅम्पात जाऊन कुंदा घेतला, मामाकडे जेवलो, आई दुपारी खोलीवर येऊन तासभर झोपली. चारला निघालात तर तवंदी घाट उजेडात पार होतो, आणि कोल्हापूरला रात्रीच्या जेवणाला थांबता येतं.